बुन्तीचं लग्न: वरून दिसलेली चाळीस माणसं

३ जानेवारी २०२१, रविवार. दुपारी तीनच्या सुमारास मालीतल्या बुन्ती गावाबाहेर, गावापासून उत्तरेला साधारण एक किलोमीटरवर बरीच माणसं जमलेली होती, आणि फ्रान्सच्या दोन मिराज २००० विमानांनी त्यांच्यावर तीन बॉम्ब टाकले. माली म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला देश, समुद्रकिनारा नाही, उत्तर अर्धा भाग सहारा वाळवंट. बुन्ती त्याच्या मध्य भागात, तेव्हाच्या मोप्ती प्रांतात.

गावातले लोक म्हणाले की लग्न होतं. फ्रान्सचं सैन्य म्हणालं की आम्ही तीसेक जिहादी मारले, तिथे लग्नबिग्न काही नव्हतं, बायका नव्हत्या, मुलं नव्हती, सगळे मोठे पुरुष होते. या दोन वाक्यांच्या मधे जे काही आहे त्यावर मी हे लिहितोय, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दहशतवादाविरुद्ध परदेशी सैन्यांनी ज्या मोहिमा केल्या, अफगाणिस्तान असो, इराक असो की साहेल (सहाराच्या दक्षिणेचा पट्टा), त्यात नेमकं कुठे बिनसतं हे मला या एका दुपारीत जितकं स्वच्छ दिसलं तितकं मोठमोठ्या आकडेवारीत कधी दिसलं नाही.

आधीच सांगतो, दहशतवाद्यांशी लढूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. २६/११ टीव्हीसमोर बसून तीन दिवस बघितलेला मराठी माणूस असं म्हणूच शकत नाही. मालीत जे लोक बंदुका घेऊन आले होते ते क्रूरच होते, हात तोडणारे, दगडांनी मारणारे. म्हणूनच तर प्रश्न जास्त महत्त्वाचा होतो, की एवढा खरा शत्रू समोर असताना, सुरुवातीला लोक एवढे आपल्या बाजूने असताना, नऊ वर्षांत सगळं हातातून का गेलं.

मागचं थोडं सांगावं लागेल. २०११ साली नेटोने लिबियात हवाई हल्ले केले, गद्दाफी ऑक्टोबरमध्ये मारला गेला, आणि त्याच्या सैन्यात वर्षानुवर्षं नोकरी केलेले मालीचे तुआरेग (सहारातली एक भटकी जमात) लढवय्ये गाड्या भरभरून शस्त्रं घेऊन घरी परतले. म्हणजे एका देशातली मोहीम संपली आणि तिचा माल शेजारच्या देशात उतरला, हे लक्षात ठेवायला हवं. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर मालीत बंड सुरू झालं. सरकार नीट लढत नाही म्हणून चिडलेल्या सैनिकांनी मार्चमध्ये राजधानी बामाकोत सत्ताच उलथवली, आणि त्या गोंधळात काही दिवसांत किडाल, गाओ, टिंबक्टू ही उत्तरेतली तिन्ही मोठी शहरं गेली. तुआरेग बंडखोरांनी आझावाद नावाचा स्वतंत्र देश जाहीर केला खरा पण तो त्यांच्या हातात राहिला नाही, अल कायदाशी जोडलेल्या गटांनी जूनअखेर त्यांनाच हुसकावून लावलं. मग टिंबक्टूत संतांच्या कबरी फोडल्या गेल्या, गाणं-बजावणं बंद झालं. संगीतावर जगणाऱ्या देशात दहा महिने गाणं बंद, याची कल्पना करा.

जानेवारी २०१३ मध्ये जिहादी दक्षिणेकडे सरकायला लागले, कोन्ना नावाचं गाव पडलं, आणि मालीच्या हंगामी राष्ट्राध्यक्षांनी फ्रान्सकडे मदत मागितली. ११ जानेवारीला फ्रान्सने ऑपरेशन सेर्व्हाल सुरू केलं. तीन आठवड्यांच्या आत गाओ आणि टिंबक्टू मोकळं झालं. २ फेब्रुवारीला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा ओलांद टिंबक्टूत आले तेव्हा लोक रस्त्यावर नाचत होते, फ्रान्सचे झेंडे हातात होते, आणि ओलांद म्हणाले की माझ्या राजकीय आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस आहे. ज्या देशावर फ्रान्सने १९६० पर्यंत राज्य केलं त्या देशात फ्रेंच झेंडा प्रेमाने फडकतोय, ही साधी गोष्ट नव्हती. मला वाटतं तो आनंद खरा होता आणि ती मदतही खरी होती.

घोळ त्यानंतर झाला. सेर्व्हालचं काम ठरलेलं होतं, शहरं सोडवायची. १ ऑगस्ट २०१४ ला त्याचं रूपांतर ऑपरेशन बार्खानमध्ये झालं, आणि बार्खानचं काम म्हणजे माली, नायजर, बुर्किना फासो, चाड आणि मॉरिटानिया या पाच देशांत पसरलेल्या जिहादी गटांचा पाठलाग. मनुष्यबळ सुरुवातीला तीन हजारांच्या आसपास, पुढे २०२० मध्ये पाच हजारांच्या थोडं वर. पाच देशांच्या वाळवंटाला आणि माळरानाला पाच हजार सैनिक म्हणजे काय पुरणार. त्यामुळे काम जास्तीत जास्त वरून व्हायला लागलं, ड्रोन बघणार, विमान मारणार. सोबत संयुक्त राष्ट्रांची मिनुस्मा ही शांतिसेना २०१३ पासून होतीच, दहा हजारांहून जास्त माणसं, पण तिचं काम जिहाद्यांशी लढणं हे नव्हतंच, तरी स्फोटांत आणि हल्ल्यांत तिचीच माणसं मरत राहिली.

आणि तोपर्यंत लढाईची जागा बदलली होती, उत्तरेचं वाळवंट सोडून ती देशाच्या मध्यात आली. इथे नायजर नदीचा मोठा आतला त्रिभुज प्रदेश आहे, पाणी आहे, गवत आहे, शेती आहे. फुलानी लोक गुरं राखणारे, ऋतूप्रमाणे हिंडणारे, आणि दोगोन, बंबारा वगैरे शेतकरी. आपल्याकडे धनगरांचा कळप कोणाच्या उभ्या पिकात शिरला की जे होतं ते तिथे पिढ्यानपिढ्या होत आलंय, आणि गावातले वडीलधारे ते मिटवायचे. राज्यव्यवस्था मात्र तिथे कधी नीट पोचलीच नाही, पोचली ती दंड आणि लाच घेणाऱ्या वनरक्षकाच्या आणि जेंडार्मच्या, म्हणजे लष्करी पोलिसाच्या, रूपाने. मग अमादू कुफा नावाचा एक फुलानी धर्मोपदेशक हेच बोलायला लागला, की तुमची चराई कोण लुटतंय, तुमचा न्याय कोण करतंय, आणि त्याने आपला गट उभा केला. २०१७ मध्ये अल कायदाचे मालीतले गट एकत्र येऊन एक आघाडी झाली, तिचं नाव जेएनआयएम, प्रमुख इयाद अग गाली, आणि कुफा त्यातला मोठा नेता. सगळे फुलानी काही कुफाच्या मागे गेले नाहीत, बहुसंख्य गेलेच नाहीत, पण संशय सगळ्यांवर आला. दोगोन शेतकऱ्यांचे सशस्त्र गट उभे राहिले, आणि २३ मार्च २०१९ ला ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून जास्त माणसं मारली गेली, त्यात लहान मुलंही. सरकार कोणालाच वाचवायला आलं नाही.

तर बुन्ती असं गाव. मुख्यतः फुलानी वस्ती, दुएन्झा जिल्ह्यात, आसपास कतिबा सेरमा नावाच्या जिहादी टोळीचा वावर. हे लोक गावात घर करून राहत नाहीत, मोटारसायकलवर येतात, नियम सांगतात, जातात. दारू नको, गाणं नको, ढोल नको, लग्नात बायका आणि पुरुष एकत्र नकोत. ऐकलं नाही तर काय होतं ते सगळ्यांना माहिती. पोलीस नाहीत, कोर्ट नाही, तक्रार करायची कुणाकडे.

आता जानेवारी २०२१ च्या त्या आठवड्यात फ्रेंच सैन्याची मनःस्थिती काय होती तेही बघायला हवं, नाहीतर अन्याय होईल. २८ डिसेंबरला रस्त्यातल्या बॉम्बने त्यांचे तीन सैनिक गेले होते. २ जानेवारीला, म्हणजे बुन्तीच्या आदल्याच दिवशी, आणखी दोन गेले, त्यात एक महिला सैनिक होती. पॅरिसमध्ये चर्चा सुरू झाली होती की आपली पोरं तिथे मरतायत ती नेमकी कशासाठी. त्याच वेळी बुन्तीच्या भागात ऑपरेशन एक्लिप्स नावाची मोठी कारवाई चालू झाली होती. अशा वेळी वरच्या कॅमेऱ्यात एक मोटारसायकल दिसते, त्यावर दोन माणसं.

फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाने स्वतः जे सांगितलं ते असं. रीपर ड्रोनने राष्ट्रीय महामार्ग १६ च्या उत्तरेला ती मोटारसायकल बघितली. ती जाऊन सुमारे चाळीस पुरुषांच्या जमावाला मिळाली. जागा एकाकी. ड्रोनने दीड तासाहून जास्त वेळ वरून पाहिलं. बाई नाही, मूल नाही याची खात्री केली. आधी मिळालेली गुप्त माहिती, माणसांच्या हालचाली, त्यांची वागणूक, हे सगळं जुळवून हा सशस्त्र दहशतवादी गट आहे असं ठरवलं. मग विमानं बोलावली आणि तीन वाजता बॉम्ब पडले.

मी हे जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा दीड तास हा शब्द मला खटकला नाही, उलट वाटलं की बरीच काळजी घेतली की. दुसऱ्यांदा वाचताना खटकलं. कारण आपल्या गावाकडची पंगत आठवली. माझ्या लहानपणी गावातल्या लग्नात पुरुषांची पंगत वेगळी बसायची, मांडवाच्या एका अंगाला, बायका आतल्या बाजूला चुलीपाशी आणि माजघरात, पोरं कुठेतरी तिसरीकडेच. म्हातारे झाडाखाली बाजेवर, तंबाखू मळत. जेवायला वेळ असेल तर तास-दोन तास नुसते बसलेले असायचे. मधेच कोणीतरी मोटारसायकलवरून डबलसीट यायचं, उतरायचं, चार माणसांना हात मिळवायचं. हे सगळं पाच-सहा हजार मीटर उंचीवरून, आवाज नसलेल्या कॅमेऱ्यातून बघितलं तर काय दिसेल? एकाकी जागी बसलेले चाळीस पुरुष, आणि त्यांना येऊन मिळालेली एक मोटारसायकल. दीड तास नाही, दहा तास बघितलं तरी तेच दिसणार. आणि आपल्याकडे निदान सनई-चौघडा असायचा, मंडप असायचा, लाल-पिवळं काहीतरी असायचं. बुन्तीत जिहाद्यांच्या धाकाने तेही नव्हतं.

इथे या प्रकरणाचं खरं मर्म आहे असं मला वाटतं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेला गावकऱ्यांनी सांगितलं की बायका-पुरुष वेगळे बसले होते ते त्या टोळीच्या नियमामुळे. म्हणजे बायका दिसत नाहीत, ढोल ऐकू येत नाही, नाच नाही, या ज्या खुणा फ्रान्सला वरून दहशतवादाच्या वाटल्या, त्या दहशतवाद्यांच्या हाताखाली दबलेल्या लोकांच्या खुणा होत्या. ज्यांची सुटका करायला सैन्य आलं होतं त्यांची गुलामी हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. बॉम्ब अगदी नेमका पडला, जिथे टाकायचा तिथेच पडला, तंत्रज्ञानात काडीची चूक नाही. चूक त्या आधीची, माणूस ओळखण्याची.

पहिल्या दोन-तीन दिवसांत बातम्यांचा फार गोंधळ झाला. तबितल पुलाकू या फुलानी संघटनेने सोशल मीडियावर सांगितलं की लग्नावर हल्ला होऊन वीसच्या आसपास लोक गेले. काही गावकरी म्हणाले हेलिकॉप्टर आलं होतं, खालून उडत होतं. फ्रान्स म्हणालं आमचं एकही हेलिकॉप्टर त्या कारवाईत नव्हतं, आणि ते खरंच होतं. लगेच काही जणांनी म्हणायला सुरुवात केली की बघा, हे लोक खोटं बोलतायत. पण ज्याच्या आजूबाजूला तीन बॉम्ब फुटलेत त्याला आवाज कशाचा होता हे नीट सांगता आलं नाही म्हणून त्याचा मेलेला भाऊ जिहादी ठरतो का. ७ जानेवारीला माली सरकारनेही निवेदन काढलं, फ्रान्सची री ओढणारं. ऑगस्ट २०२० मध्ये मालीत परत लष्करी उठाव झाला होता, हे उठावानंतरचं हंगामी सरकार, त्याला फ्रान्सची गरज होती. स्वतःच्या नागरिकांच्या बाजूने विचारायला स्वतःचं सरकारही उभं राहिलं नाही.

आणि जखमींचं काय झालं ते ऐका, मला या सगळ्यात हा भाग सगळ्यात जास्त लागला. जखमींना दुएन्झाच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सची टीम होती. बॉम्बचे तुकडे लागलेले, स्फोटाने भाजलेले, त्यात वयस्कर माणसंही होती. ५ जानेवारीला त्यातल्या तिघांची अवस्था जास्त बिघडलेली म्हणून त्यांना ॲम्ब्युलन्सने सेव्हारेच्या मोठ्या हॉस्पिटलकडे हलवायचं ठरलं. वाटेत सशस्त्र माणसांनी ॲम्ब्युलन्स अडवली. आतल्यांना मारहाण केली, तासन्तास उन्हात टाकून ठेवलं, जखमींनाही आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनाही. तीन जखमींपैकी एक जण, साठीतला माणूस, तिथेच गेला. म्हणजे आधी वरून विमानाने मारलं, त्यातून वाचला तर रस्त्यात बंदूकवाल्यांनी मारलं. मध्य मालीतला सामान्य माणूस कुठे उभा आहे हे सांगायला याहून वेगळं काही सांगायची गरज नाही.

चौकशी केली ती मिनुस्माच्या मानवाधिकार विभागाने. ४ जानेवारीपासूनच त्यांनी काम सुरू केलं, फेब्रुवारीपर्यंत चालू होतं. चारशेहून जास्त लोकांशी बोलणं झालं, काहींशी एकेकट्याने समोरासमोर, काहींशी गटात, काहींशी फोनवर. टीम जागेवर गेली, न्यायवैद्यक तज्ज्ञ सोबत घेऊन पुरावे गोळा केले, फोटो, व्हिडिओ, प्रसिद्ध झालेला मजकूर, सगळं तपासलं. ३० मार्च २०२१ ला अहवाल आला. लग्नाचाच कार्यक्रम होता. शंभरच्या आसपास नागरिक जमले होते. त्यांच्यात पाच सशस्त्र माणसंही होती, ती बहुधा कतिबा सेरमाची. हल्ल्यात किमान २२ जण मेले, त्यातले १९ नागरिक, १६ जागेवर आणि ३ उपचाराला नेताना. उरलेले ३ त्या टोळीचे संशयित. सगळे मृत पुरुष, वय २३ पासून ७१ पर्यंत.

हा अहवाल मला प्रामाणिक वाटतो तो यासाठी की त्यांनी ती पाच माणसं लपवली नाहीत. लग्नात जिहादी होते हे सरळ लिहिलं. फ्रान्सची गुप्त माहिती अगदीच हवेतली नव्हती हे त्यातून दिसतं. पण मग पुढचा प्रश्न येतो. हातात बंदूक असलेली पाच माणसं तुमच्या घरच्या कार्याला येऊन बसली तर तुम्ही काय कराल? हाकलाल? तिथल्या घरमालकाच्या हातात काय होतं. युद्धाचे जे नियम जगाने मान्य केलेत त्यात साधी गोष्ट सांगितलेली आहे, नागरिकांच्या गर्दीत चार लढणारे मिसळले म्हणून अख्खी गर्दी लढणारी होत नाही, आणि शंका असेल तर माणूस नागरिक आहे असंच धरून चालायचं. अहवालाचं म्हणणं नेमकं हेच होतं, की लक्ष्य लष्करीच आहे याची खात्री करण्यासाठी शक्य ते सगळं करायची जी जबाबदारी हल्ला करणाऱ्यावर असते ती पाळली गेली का याबद्दल गंभीर शंका आहे. आणि त्यांनी मागितलं काय, तर फ्रान्स आणि माली दोघांनी स्वतंत्र, विश्वासार्ह, पारदर्शक चौकशी करावी, जबाबदारी ठरवावी. अगदी रास्त मागणी.

फ्रान्सने तो अहवाल सरळ नाकारला. कारण दिलं की साक्षीदारांची नावं नाहीत, साक्षी कोणत्या परिस्थितीत घेतल्या ते स्पष्ट नाही, आणि बोलणारा खरा साक्षीदार आहे की दहशतवाद्यांचा सहानुभूतीदार की त्यांच्या धाकाखाली बोलणारा, हे कळायला मार्ग नाही. आता जिथे साक्ष दिली हे कळलं तर रात्री घरातून उचलून नेतात तिथे साक्षीदारांची नावं छापायची कशी? आणि समजा लोकांच्या तोंडी साक्षीवर विश्वास नाही, तर ड्रोनचा दीड तासाचा व्हिडिओ तर त्यांच्याकडेच होता ना. तो त्यांनी कधी दाखवला नाही. संरक्षणमंत्री फ्लोरान्स पार्ली आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. स्वतंत्र चौकशी झालीच नाही.

मला इथे सैनिकांचा राग येत नाही. आदल्या दिवशी आपल्या माणसांचे मृतदेह उचललेल्या सैनिकाकडून चूक होऊ शकते. पण चूक मान्य करायची की नाही हा निर्णय पॅरिसमध्ये, एसी ऑफिसात, शांतपणे, तीन महिने विचार करून घेतला गेला. चुकलो, माफ करा, नुकसानभरपाई देतो, पुढे असं होऊ नये म्हणून हे हे बदलतो, एवढं म्हटलं असतं तर बुन्तीतली मेलेली माणसं परत आली नसती, पण जिवंत असलेल्या लाखो मालीवासीयांना कळलं असतं की आपला जीव यांच्या हिशोबात आहे.

हिशोबात नाही असं त्यांना कळलं. २० जानेवारीला बामाकोत फ्रेंच सैन्याविरुद्ध निदर्शनं झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडून पांगवली. मार्चअखेरीस गाओ भागात तलाताय इथे ड्रोनहल्ल्यात काही तरुण मेले, गावकरी म्हणाले पोरं शिकारीला गेली होती, फ्रान्स म्हणालं जिहादी. परत तेच दोन सूर. आणि आता ऐकणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की कोणाचं खरं मानायचं. हे अगदी बुन्तीमुळेच झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल, जुन्या वसाहतीचा राग होता, किडालमध्ये फ्रान्स तुआरेग बंडखोरांना पाठीशी घालतो हा संशय होता, रशियाचा प्रचार जोरात होता, वर्षागणिक हल्ले वाढतच होते. पण प्रचाराला पेटायला काहीतरी लागतं, आणि ते इथे आयतं मिळालं.

वाईट याचं वाटतं की नुसत्या लष्करी बाजूने बघितलं तर फ्रान्स जिंकतच होता. जून २०२० मध्ये त्यांनी अल कायदाच्या उत्तर आफ्रिका शाखेचा प्रमुख अब्देलमालेक द्रुकदेल याला मारलं, ऑगस्ट २०२१ मध्ये इस्लामिक स्टेटच्या सहारा शाखेचा प्रमुख अदनान अबू वालिद अल सहरावी गेला. नेते पडत होते आणि जिहाद्यांचा मुलूख वाढत होता, एकाच वेळी. नेता मेला की दुसरा बसतो, आणि खालच्या फळीत भरती कोण होतं, तर ज्याचा बाप, भाऊ, काका असा कुठेतरी गेला आणि ज्याला कोणी साधं विचारलंही नाही तो.

पुढचं सगळं भराभर झालं. मे २०२१ मध्ये, आधीच्या वर्षी उठाव केलेल्या कर्नल असिमी गोईता यांनी दुसऱ्यांदा सत्ता घेतली. जूनमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी बार्खान गुंडाळायचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये मालीचे पंतप्रधान संयुक्त राष्ट्रांत म्हणाले की फ्रान्सने आम्हाला उडत्या विमानात मधेच सोडून दिलं. वर्ष संपता संपता रशियाचे वॅग्नर भाडोत्री सैनिक आले. जानेवारी २०२२ च्या शेवटी फ्रेंच राजदूताला देश सोडायला सांगितलं, आणि १५ ऑगस्ट २०२२ ला शेवटचा फ्रेंच सैनिक गाओहून बाहेर पडला. नऊ वर्षं, पन्नासहून जास्त फ्रेंच सैनिकांचे जीव, आणि टिंबक्टूत फडकलेले ते झेंडे एव्हाना बामाकोत जाळले जात होते.

फ्रान्स गेल्यावर लोक सुखी झाले असंही नाही, आणि हे न सांगता प्रकरण संपवलं तर ती अप्रामाणिक गोष्ट होईल. २७ मार्च २०२२, परत एक रविवार, मोप्तीतल्याच मूरा गावात गुरांचा बाजार भरला होता. मालीचं सैन्य आणि सोबतचे परदेशी सशस्त्र लोक हेलिकॉप्टरमधून उतरले, गाव वेढलं आणि पाच दिवस माणसं निवडून निवडून मारली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज किमान ५०० जण. साक्षीदारांनी सांगितलं की दाढी लांब, पायजमा घोट्याच्या वर, एवढ्यावरून माणूस बाजूला काढला जायचा. दाढी आणि आखूड पायजमा हा सुद्धा त्या टोळ्यांनी गावांवर लादलेलाच नियम. बुन्तीत वरून जे झालं ते मूरात जमिनीवर, माणसाच्या तोंडाकडे बघत झालं, आणि कितीतरी पटीने जास्त. फ्रान्सची चूक आणि हे कत्तल करणं मी एका मापात मोजत नाही. पण खूण तीच वाचली गेली.

आपल्या लोकांपर्यंतही हे पोचलेलं आहे, लांबचा देश म्हणून सोडून देता येत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये बामाकोच्या रॅडिसन ब्लू हॉटेलवर हल्ला झाला तेव्हा आत २० भारतीय अडकले होते, सगळे सुखरूप सुटले. १ जुलै २०२५ ला पश्चिम मालीत काईस इथल्या सिमेंट फॅक्टरीतून तीन भारतीयांना उचलून नेलं. काईस म्हणजे देशाचं पार पश्चिमेचं टोक, २०१३ मध्ये फ्रान्स आला तेव्हा युद्ध तिथून शेकडो किलोमीटर लांब होतं. २०२४ साली जगभरात दहशतवादाने जितके मृत्यू झाले त्यातले निम्म्याहून जास्त साहेल पट्ट्यात होते.

बुन्तीच्या चौकशीचं एक राहिलं. ज्या मिनुस्माच्या लोकांनी चारशे माणसांशी बोलून मेलेल्यांची वयं लिहून काढली, ती मिनुस्मा माली सरकारनेच जून २०२३ मध्ये नको म्हणून सांगितली आणि ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत तिने गाशा गुंडाळला. मालीच्या सैन्याकडे आता स्वतःचे तुर्की ड्रोन आहेत. मार्च २०२४ मध्ये गाओ भागातल्या अमासराकाद इथे ड्रोनहल्ल्यात किमान १३ नागरिक मेले, त्यात ७ लहान मुलं, हे ॲम्नेस्टीने लांबून, फोनवर लोकांशी बोलून, उपग्रहाचे फोटो बघून शोधून काढलं. गावात जाऊन, झाडाखाली बसून, घरोघरी नावं विचारणारं आता तिथे कोणी उरलेलं नाही.